अण्णा गेल्याचा ट्रंककॉल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं मध्येच हसलात तर मला चालणार नाही, कारण गोष्ट गंभीर आहे. एका माणसाच्या जाण्याची आहे! आणि ती बातमी दिली कुणी? मी! तारघरातल्या बाकावर तासभर ताटकळून, घसा फाटेस्तोवर ओरडून दिली.

घ्या, चहा घ्या. सांगते.

सत्तरचं दशक. मी तेव्हा सोलापुरात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. आमच्या घरासमोर, बोळाच्या पलीकडं, गिरिजाचं घर. गिरिजा माझी लहानपणापासूनची मैत्रीण. आणि तिचे वडील म्हणजे अण्णा.

अण्णांची भुसार मालाची आडत होती. कपाळाला विभूती, गळ्यात भर उन्हाळ्यातसुद्धा मफलर, आणि चेहरा असा, की आडतीतल्या हमालांना हसायचं असलं तर ते बाहेर रस्त्यावर जाऊन हसून यायचे. माणूस वाईट मुळीच नव्हे. पण एकदा रागावले की रागावले. आरडाओरडा नाही, शिवी नाही. नुसती मान दुसरीकडं वळवायची आणि बोलणं बंद! एकदा न्हाव्यावर रागावले, तर वर्षभर दुसऱ्या पेठेत जाऊन दाढी केली.

अशा माणसाच्या मुलीनं काय करावं? कॉलेजातल्या बिरू नावाच्या मुलाशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं! अण्णा लिंगायत, बिरू मंगळवेढ्याकडच्या धनगराच्या घरातला. मुलगा शांत, कष्टाळू. मंगळवेढ्यात बी-बियाण्याचं दुकान टाकलं होतं त्यानं. पण अण्णांनी मान वळवली ती वळवली. लग्नाला त्यांच्या घरचं कुणी नाही. मुलीकडची म्हणून साक्षीदाराची सही मी केली.

गंमत अशी, की अण्णांच्या आडतीत मंगळवेढ्याची ज्वारी यायची. ट्रक भरभरून यायची. पण गिऱ्हाइकानं विचारलं, "कुठली हो ज्वारी?" तर अण्णा म्हणायचे, "तिकडची." गावाचं नावसुद्धा घ्यायचं नाही!

गिरिजाच्या आईला आम्ही सगळेच अव्वा म्हणायचो. ती बिचारी मागच्या दारानं माझ्याकडं यायची. "कुसुम, पोरीचं काय कळलं का गं?" गिरिजाला दिवस गेल्याचं तिला मीच सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि इथं माहेराचं दारच बंद. अव्वा मऊ कापडाचे तुकडे आणून माझ्या पेटीत ठेवायची. बाळाच्या कुंचीसाठी. घरात ठेवायची सोय नव्हती ना!

तर असं सगळं होतं. आता बगळ्याकडं येते.

हो, बगळाच म्हणाले मी. नीट ऐका, सगळा घोटाळा त्यानंच केला आहे.

आमच्याकडं एका थिएटरात रविवारी सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्टूनचे छोटे सिनेमे लागायचे. कुठल्या देशातले, देव जाणे! नावं अशा लिपीत, की आमच्या भूगोलाच्या बाईंनाही ती वाचता यायची नाहीत. बोलणं नाहीच. नुसतं संगीत आणि पाण्याचा आवाज. त्यातच एका तळ्याची गोष्ट होती, आणि तिचा एखादा भाग मधूनमधून यायचा. मी शाळेच्या मुलींना रांगेनं घेऊन जायचे, आणि त्या रांगेच्या शेपटाला, चांगली बी. ए. झालेली गिरिजा!

त्या गोष्टीत एक म्हातारा बगळा होता. गळ्यात तांबडा मफलर. तळ्यात एकटा उभा राहायचा, कुणाशी पटायचं नाही. त्याच्या पायाशी एक अंडं वाहत येतं, त्यातून बदकाचं पिल्लू निघतं, आणि हा कपाळाला आठ्या घालून त्याला वाढवतो. पहिल्याच भागात बगळ्यानं पिल्लावर रागावून अशी काही मान वळवली, की मी आणि गिरिजानं एकमेकींकडं पाहिलं आणि एकदमच म्हणालो, "अण्णा!"

झालं. बगळ्याचं नाव अण्णा पडलं. पिल्लाचं नाव चिंगी. आणि एक जाडा बेडूक होता, तो सारखा काठानं टुणटुण उड्या मारत तळं मोजल्यासारखा हिंडायचा. त्याचं नाव आम्ही तलाठी ठेवलं.

सिनेमा बघून आलो की आमच्या माळवदावर, म्हणजे घराच्या धाब्यावर बसायचं. भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या आणि वाद घालायचा. तुम्ही म्हणाल, कार्टूनवर कसला वाद? अहो, आम्ही भांडायचो!

"याचे डोळे बघ," मी म्हणायचे. "नुसती एक रेघ ओढलीय. तरी त्याला वाईट वाटलंय ते कळतं. कसं काढलं असेल?"

"डोळ्यानं नाही कळत," गिरिजा म्हणायची. "तो काहीच करत नाही, म्हणून कळतं. दुसरं कुणी असतं तर रडलं असतं, पडलं असतं. हा नुसता उभा राहतो."

"पण पात्रानं काही केलंच नाही, तर गोष्ट पुढं कशी जाणार?"

"जाते की! चिंगी त्याच्याभोवती फिरते ना. घरातला एक माणूस रुसून बसला की सगळं घर त्याच्याभोवती फिरतं. आमच्याकडं येऊन बघ."

मग दोघी हसायचो. खाली बोळात अण्णा खोकायचे, आणि आम्ही तोंडावर हात दाबायचो.

पुढच्या एका भागात चिंगी मोठी होते आणि बदकांच्या थव्याबरोबर तळ्याच्या पलीकडच्या काठाला जाते. बगळा तिच्याकडं पाठ करून उभा राहतो. तो भाग गिरिजानं लग्नाच्या थोडंच आधी पाहिला. त्या दिवशी माळवदावर वाद झाला नाही. शेंगा तशाच राहिल्या. एवढंच म्हणाली, "तो वळेल गं शेवटी. गोष्ट रचणाऱ्याला काही दयामाया असेल की नाही?"

लग्नानंतर एखादा भाग आला, की मी कार्डावर बगळ्याचं चित्र काढून तिला हकीकत कळवायचे आणि ती उलट टपाली वाद घालायची.

आणि मग तो रविवार आला. शिमग्याआधीचे दिवस, पण ऊन असं, की डांबर मऊ झालेलं. थिएटरात आमची अख्खी शाळा. पडद्यावर तळ्याचा शेवटचा भाग.

काय सांगू! धुकं पडलेलं. बगळा म्हातारा झालेला, पिसं गळलेली. एकटाच उभा. पलीकडच्या काठावरून बदकांचा आवाज येतो. हा मान वळवत नाही. आणि मग एक पाऊल टाकतो. खोल पाण्यात. आणखी एक. पाणी पोटाला लागतं, गळ्याला लागतं. काठावर तलाठी नुसता बघत बसलेला. पाणी डोक्यावरून जातं. तांबडा मफलर तेवढा वर तरंगतो. संगीत बंद. सगळा पडदा पांढरा.

मुली हुंदके देऊन रडायला लागल्या. मी त्यांच्यावर ताण! मला तिथं बसवेचना. शेजारच्या शिवणाच्या बाईंना म्हटलं, "मुलींना तुम्ही घेऊन या," आणि पदरानं डोळे पुसत बाहेर पडले. डोक्यात एकच. गिरिजाला सांगायला हवं. आत्ता! कार्ड पोचायला दोन दिवस लागणार. एवढं मोठं दुःख दोन दिवस एकटीनं कसं सांभाळायचं?

मी तडक तारघरात गेले आणि मंगळवेढ्याच्या दुकानाचा ट्रंककॉल लावला.

आता लक्षात घ्या, त्या काळी ट्रंककॉल कुणी गप्पा मारायला करत नसे. ट्रंककॉल आला म्हणजे घरातलं कुणीतरी जन्माला आलंय, नाहीतर गेलंय. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण बगळा बुडाला होता हो!

तासाभरानं लाइन लागली. समुद्राच्या तळातून यावा तसा आवाज.

"हॅलो! गिरिजा आहे का?"

"कोन? जोरात बोला!"

"मी कुसुम! सोलापूरहून! गिरिजाला बोलवा!"

"ती घरला हाय! मी सोनाबाई! काय झालं?"

सोनाबाई म्हणजे गिरिजाची सासू. उभं आयुष्य मेंढरांमागं चालून काटक झालेली बाई. मला लग्नापासून ओळखायची. त्या दिवशी नेमकी दुकानात बसलेली. वेळ थोडा, म्हणून मी एका दमात सांगितलं, "तिला सांगा, अण्णा गेले!"

पलीकडून, "आँ? कवा?"

"आत्ता! सकाळीच! पाण्यात गेले! मी समोर बसले होते!"

"आगं आई गं! आन कुनी धरलं न्हाय?"

"कोण धरणार? तलाठी होता काठावर, तो नुसता बघत बसला!"

"मुडदा बशिवला त्या तलाठ्याचा!"

"शेवटपर्यंत मान वळवली नाही हो! लेक पलीकडच्या काठाला, आणि हे असे एकटे गेले! आमच्या शाळेच्या सगळ्या पोरी रडल्या!"

"पोरीबी व्हत्या तितं?"

"अख्खी शाळा होती! काय सुंदर गेले, सोनाबाई! असं मरण मी..."

आणि लाइन कटली. कटायच्या आधी त्या बाईचा हुंदका मला स्पष्ट ऐकू आला. माझा ऊर भरून आला. म्हटलं, बघा! गिरिजानं सासूलासुद्धा बगळ्याची गोष्ट सांगितलेली दिसते. आणि ही मेंढरं राखणारी बाई एका चित्रातल्या पाखरासाठी रडते! किती रसिक सासू मिळाली माझ्या मैत्रिणीला!

मी समाधानानं घरी आले. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली, दुपारी खिडकीत बसून तरंगत्या मफलरचं चित्र काढायला घेतलं.

ऊन कलायला लागलं तसा बोळाच्या तोंडाशी जीपचा आवाज आला. पाठोपाठ बायकांचा असा काही आकांत, की शेजारच्या घरातला माग खटखटायचा थांबला. मी खिडकीतून डोकावले. अण्णांच्या दारात गिरिजा! सातवा महिना, केस सुटलेले, पायांत चप्पल नाही. तिला धरून सोनाबाई, आणि मागं चार-पाच बायका पदर तोंडाला लावून. आणि समोर कट्ट्यावर अण्णा! चटईवर उताणे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरं धोतर पांघरलेले. हालचाल नाही.

"अण्णा गेले!" सोनाबाईंनी हंबरडा फोडला.

माझ्या हातातला ब्रश गळून पडला. अण्णा गेले? सकाळीच तर दूधवाल्याला पाण्यावरून बोलत होते! मी धावत सुटले. जिना उतरताना एकच मनात येत होतं, की या माणसाला आम्ही बगळा म्हणून हसलो, आणि हा बसल्या जागी गेला! कट्ट्याशी पोचले आणि गिरिजाच्या गळ्यात पडून तिच्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागले.

आता कळलं का तुम्हाला? माझीच बातमी मंगळवेढ्याला जाऊन, जीपमध्ये बसून, परत माझ्याकडं आली, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला! रडणाऱ्यांत सगळ्यात वरचा सूर माझा!

गिरिजानं अण्णांचे पाय धरले होते. "एकदा मान वळवायची होती की हो अण्णा! एकदाच! ज्वारी भरायला तुमचा ट्रक आला की मी पळत जायचे. वाटायचं, तुम्हीच उतराल. ड्रायव्हरला विचारायचे, अण्णांचा खोकला कसा आहे? तर तो म्हणायचा, ताई, मला बोलायची मनाई हाय. खोकल्याचीसुद्धा मनाई का हो अण्णा? मी तुमच्याशी भांडले नाही. कधी उलट बोलले नाही. एवढंच केलं, की एक माणूस आवडलं, त्याच्याबरोबर गेले. तुम्हाला न सांगता गेले असते तर बोला. सांगून गेले की हो!"

आजूबाजूच्या घरांतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. जीपपाशी, उन्हात, बिरू मान खाली घालून उभा. त्याला या दारात पाऊल टाकायची परवानगी नव्हती, आणि माणूस मेल्यावर ती मिळते का, हे त्याला बिचाऱ्याला कळत नव्हतं.

मध्येच गिरिजानं माझा दंड धरला. "तू समोर होतीस ना गं? पाण्यात कसे गेले? कुठल्या पाण्यात?"

"पाण्यात?" मी रडत म्हटलं. "कोण?"

एवढ्यात आतून अव्वा आली. दोन्ही हात पिठानं भरलेले. "एनाय्तु? काय झालं? कोण आलंय?" आणि दारातच थबकली. "गिरिजा? माझी गिरिजा आली?" तिचा चेहरा असा उजळला, की बघणाऱ्याला धक्का बसावा.

सोनाबाईंनी तिला मिठी मारली. "धीर धरा, इहीनबाई!"

"कशाचा?"

"इवाई गेलं की!"

"कुठं गेले?" अव्वानं कट्ट्याकडं बघितलं. "इथंच तर झोपलेत! अहो, उठा की! माणसं आलीत!"

धोतर हललं. अण्णा उठून बसले.

सोनाबाईंनी जी किंकाळी फोडली, ती मला वाटतं मोडनिंबापर्यंत गेली असेल. बायका मागं सरकल्या. आणि गिरिजा पायरीवर बसली. पोटावर हात, ओठ पांढरे पडलेले.

त्या क्षणी कुणीच हसलं नाही. आत्ताही हसू नका. अण्णा चटईवरून उठले ते अनवाणीच खाली उतरले. डोळे लाल. "पाणी आणा! आधी हिला पाणी आणा!" अव्वानं पिठाच्या हातानंच तांब्या आणला. अण्णांनी गळ्यातला मफलर काढून त्यानं मुलीला वारा घातला. "गिरिजा, बघ माझ्याकडं. बघ, मी आहे. आहे की मी! पोटात दुखतंय का?" तिनं मान हलवली. नाही. मग बराच वेळ तिनं त्यांचा हात सोडला नाही आणि त्यांनीही सोडवून घेतला नाही.

पोरीच्या तोंडावर रंग आल्यावर चौकशी सुरू झाली.

"मी मेल्याचं कुणी सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

सोनाबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या बाईनं फोन केला. म्हनली, पान्यात गेलं, तलाठी बघत बसला, शाळंच्या पोरी रडल्या!"

अख्खा बोळ माझ्याकडं बघायला लागला. माझे अश्रू अजून गालावर होते. ते पुसावेत की राहू द्यावेत, मला कळेना.

"कुसुम, इकडं ये," अण्णा म्हणाले. "माझ्या मरणाला तू समोर होतीस म्हणे."

"तुमच्या नव्हे अण्णा..." मी म्हटलं. "दुसऱ्या अण्णांच्या."

"कोण दुसरे?"

"बगळा."

"काय?"

"बगळा. कार्टूनच्या सिनेमातला. तो बुडाला. त्याचं नाव अण्णा."

"सिनेमावाल्यांनी बगळ्याचं नाव अण्णा ठेवलं?"

मी गिरिजाकडं बघितलं. गिरिजानं पायरीकडं बघितलं. आता काय सांगायचं? सांगा तुम्हीच!

"आम्ही ठेवलं," गिरिजा हळूच म्हणाली.

"का?"

अव्वा तोंडाला पदर लावून आत गेली, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. पाठोपाठ दारातली माणसं हसायला लागली. अण्णांनी सवयीप्रमाणं मान दुसरीकडं वळवली, आणि त्यांच्या लक्षात आलं, की सगळे नेमकं तेच बघतायत!

सोनाबाईंनी कमरेला पदर खोचला. "हे बगा इवाई, तुमी जित्तं हाय ते लई बरं झालं. पन आता ह्या पोरीला जीपात घालून मी माघारी न्यायची न्हाय. सातवा सरत आलाय. येताना कसं आनलं माजं मला ठावं."

अण्णा म्हणाले, "कोण म्हणालं न्या म्हणून?" आणि जीपकडं न बघता, "ती गाडी उन्हात का उभी केलीय? आत सावलीत घ्या म्हणावं. आणि चालवणाऱ्यालाही."

बिरू आत आला. चहा झाला. मयतीला आलेल्या बायका शेंगांची चटणी बांधून घेऊन गेल्या. गिरिजा राहिली. कुणाच्या मरणाला निघालेलं माणूस कपडे थोडेच आणतं? अव्वानं तिला स्वतःचं लुगडं दिलं, आणि माझ्या पेटीतले कुंचीचे तुकडे राजरोस पुढच्या दारानं नेले.

त्यातलं एक मला पुढं अव्वानं सांगितलं. अण्णा गिरिजाच्या पहिल्या हाकेलाच जागे झाले होते. धोतराखाली सगळं ऐकत पडले होते. "मग उठला का नाही हो?" अव्वानं विचारलं. तर म्हणाले, "उठलो असतो तर ती बोलायची थांबली असती."

मी सुटले असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. पण दोन दिवसांनी अण्णांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तो बगळा मला बघायचाय."

पुढच्या रविवारी तोच भाग पुन्हा होता. आम्ही सगळे गेलो. अण्णा, अव्वा, गिरिजा, मुद्दाम आलेल्या सोनाबाई आणि बिरू. सगळीकडं शाळेची पोरं, आणि मध्ये विभूती लावलेले अण्णा ताठ बसलेले. मी त्यांच्या शेजारी. मी त्यांना हळू आवाजात समजावून सांगत होते. ही रेघ बघा अण्णा, हे धुकं बघा, आता गोष्ट कशी शेवटाकडं वळते बघा. चित्रकलेची बाई ना मी!

बगळा पाण्यात उतरला. पाणी डोक्यावरून गेलं. मफलर तरंगला. पडदा पांढरा झाला. मला पुन्हा रडू फुटलं. पदर डोळ्याला लावून मी उठले.

"बस की खाली," अण्णा म्हणाले. "अजून चालू आहे."

पांढरा पडदा हळूहळू विरळ झाला. ते धुकंच होतं हो! धुकं सरलं, आणि पलीकडच्या काठाचं गवत दिसलं. गवत हललं. त्यातून, डोक्यावर चिखल, अंगाला शेवाळ, धापा टाकत बगळा बाहेर आला! समोर चिंगी. तिच्या मागं तिची पिल्लं. थिएटरभर टाळ्या!

मी अर्धवट उभी, अर्धवट बसलेली. गेल्या रविवारी हे घडलं तेव्हा मी कुठं होते? तारघराच्या वाटेवर! आणि आठवडाभर लाजेनं शाळेत मी बगळ्याचा विषयच कुणाला काढू दिला नव्हता.

अण्णा अंधारात माझ्याकडं वळले. "कुसुम," ते म्हणाले, "हा बी जिवंत आहे की!"

बाहेर येऊन आम्ही चहाच्या गाड्यापाशी उभे राहिलो. मी गप्प होते. पण बाकीच्यांना बोलायला तोंड फुटलं होतं. लोक सिनेमावर का भांडतात, ते त्यांना आज कळलं होतं.

"मला नाही पटलं," अण्णा म्हणाले. "बगळे पोहत नाहीत."

"पवायचं कशाला?" सोनाबाई म्हणाल्या. "तळातनं चालत गेलं आसंल. पाय बगा की केवढं लांबडं!"

"पण मग आधीच का नाही गेला? एवढी वर्षं उभा कशाला राहिला?" गिरिजानं विचारलं. ती माझ्याकडं बघून बोलत होती, पण प्रश्न माझ्यासाठी नव्हता.

अण्णांनी मफलर सारखा केला. "खोल किती आहे ते माहीत नसेल," ते म्हणाले. "भीती वाटली असेल."

बिरूनं सगळ्यांना कप आणून दिले. अण्णांनी त्याच्या हातून कप घेतला आणि बशीत ओतून चहा प्यायले.

मला मात्र राहवेना. मी म्हटलं, "तरी पण अण्णा, गोष्टीच्या दृष्टीनं बघितलं तर तो बुडाला असता, तर परिणाम जास्त..."

"कुसुम," अण्णा म्हणाले, "तुझ्या परिणामासाठी आता आणखी कुणाला मारू नकोस."

उन्हाळ्यात गिरिजाला मुलगी झाली. मंगळवेढ्याला कळवायचं होतं. मी उत्साहानं चपला घातल्या, तर अण्णा म्हणाले, "तू बस. मी जातो. तुझ्या तोंडून निघालं, तर तिकडं काय पोचेल याचा नेम नाही." आणि तो माणूस स्वतः तारघरात गेला, तासभर बाकावर बसला, आणि मंगळवेढा हे नाव खणखणीत आवाजात उच्चारून कॉल लावून आला.

माझं म्हणाल तर त्या दिवसापासून आमच्या बोळात माझी पत गेली ती गेलीच. अमुक आजोबा गेले, तमुक काकू गेल्या, असं मी डोळ्यांत पाणी आणून सांगायला जावं, तर रडायचं सोडून लोक आधी मला विचारतात, "कुसुम, शेवटपर्यंत थांबली होतीस ना?"